लस फ्रिजात, पोरगा यादीबाहेर

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या धानपट्ट्यातलं एक घर. थोरला मुलगा नोव्हेंबर २०१९ चा, धाकटी मुलगी सप्टेंबर २०२२ ची. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई-वडील दोघांकडून आलेला. मुलगी एएस, म्हणजे नुसती वाहक. न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची लस, जिला पीसीव्ही म्हणतात, तिचे तिन्ही डोस मुलीला सरकारकडून फुकट मिळाले. मुलाला एकही मिळाला नाही, आणि खरी गरज त्यालाच होती.

यात कुणी हलगर्जीपणा केला नाही. कुणी पैसे मागितले नाहीत. लस संपलेली नव्हती. आशाताई, सिस्टर, डॉक्टर, सगळ्यांनी नियमाप्रमाणेच काम केलं, आणि तरी निकाल असा उलटा लागला. म्हणून मला या घरापेक्षा त्या नियमाचा माग काढावासा वाटला. तो दिल्लीत एका सल्लागार गटाच्या टेबलावर सुरू होतो आणि गावातल्या अंगणवाडीत संपतो. कुटुंबाचं नाव, गाव दिलेलं नाही.

आई-वडील दोघंही वाहक. लग्न झालं तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. २०२२ च्या सुरुवातीला आई दुसऱ्यांदा गरोदर असताना उपकेंद्रावर रक्त तपासलं, सोल्युबिलिटी ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, पुढच्या तपासणीत एएस निघाली. वडील तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. हंगाम आटोपून परतल्यावर त्यांचं रक्त घेतलं, तेही एएस. मग थोरल्याचं घेतलं. वर्षाचा असताना त्याचे हातपाय सुजायचे, रात्रभर रडायचा. घरच्यांनी तेल लावून शेकलं होतं. ती सूज म्हणजे सिकलसेलची अगदी ठरलेली खूण, पण तोवर कुणी तसा विचार केला नव्हता.

सिकलसेलमध्ये पानथरी लवकर निकामी होते. रक्तातले काही जिवाणू गाळून मारायचं काम पानथरीचं. ती गेली की न्यूमोकोकससारखा जिवाणू साध्या सर्दी-खोकल्यापासून काही तासांत रक्तात पसरू शकतो. म्हणून अशा मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि सोबत न्यूमोकोकसची लस, असं जगभर सांगितलं जातं. पेनिसिलिनने किती फरक पडतो हे अमेरिकेतल्या एका चाचणीने १९८६ मध्येच दाखवलं होतं: जंतुसंसर्गाचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं.

जानेवारी २०२३ मध्ये थोरल्याला न्यूमोनिया झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी भरती केलं, रक्त चढवलं, वाचला. घरी सोडताना बालरोगतज्ज्ञांनी डिस्चार्ज कार्डावर तीन लशी लिहून दिल्या: पीसीव्हीचे आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, त्यानंतर पीपीएसव्ही-२३ ही न्यूमोकोकसचीच दुसरी लस, आणि टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस. टायफॉइडची का, तर त्याच कुळातले साल्मोनेला जिवाणू सिकलसेलच्या मुलांच्या हाडात शिरतात. कार्ड आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत ठेवलं. नवरा पुन्हा मिरचीवर गेलेला, तान्ही पोरगी कडेवर. ते कार्ड बाहेर निघालं जूनमध्ये.

धाकटीचा नऊ महिन्यांचा डोस होता. अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र. सिस्टरने व्हॅक्सिन कॅरिअर उघडला, आइसपॅकच्या मधून वायल काढली, तारीख बघितली. धाकटीला उजव्या दंडात गोवर-रुबेला, उजव्या मांडीत पीसीव्हीचा बूस्टर. थोरला दाराशी उभा राहून बहिणीचं रडणं बघत होता. वायल अनेक डोसांची, अजून निम्मी भरलेली. आईने पिशवीतून कार्ड काढलं.

"सिस्टर, हेच औषध या कागदावर लिवलं हाय ना?"

"हो, हेच आहे."

"मंग त्याले कायले नाई?"

सिस्टरकडे याचं उत्तर होतं आणि ते खरं होतं. पीसीव्हीचा पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आत सुरू झाला पाहिजे. थोरला साडेतीन वर्षांचा. ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे त्या दिवशी डोस द्यायच्या मुलांच्या यादीत त्याचं नाव नाही, रजिस्टरमध्ये त्याच्यासाठी रकाना नाही. नियमाबाहेर सुई टोचली आणि पोराला ताप जरी आला, तर "कुणाच्या सांगण्यावरून दिली?" हा प्रश्न सिस्टरच्याच अंगावर येणार. अशा वेळी सिस्टरने हिंमत दाखवायला हवी होती, असं मला मुळीच वाटत नाही. खालच्या कर्मचाऱ्याच्या हिंमतीवर चालणारा कार्यक्रम फार दिवस टिकत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, शिफारस योग्य आहे म्हणाले आणि तालुक्याला पत्र लिहिलं. उत्तर तोंडी आलं: नियमित लसीकरणाचा साठा ठरलेल्या वयोगटासाठीच आहे. सिकलसेलच्या बाजूने विचारलं तर कळलं, त्यांच्या पुरवठ्याच्या यादीत हायड्रॉक्सियुरिया आहे, फॉलिक ॲसिड आहे, लस नाही. लस हा लसीकरणवाल्यांचा विषय. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर.

आता तो नियम.

भारतात बाळाच्या कार्डावर नवी लस येण्याआधी तिला तीन वेगवेगळी दारं ओलांडावी लागतात आणि लोक ती नेहमी एकच समजतात. पहिलं दार औषध महानियंत्रकांचं. तिथं लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे का हे बघून विक्रीचा परवाना मिळतो. परवाना मिळाला की ती खासगी दवाखान्यात विकत मिळू लागते. दुसरं दार राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटाचं, म्हणजे एनटॅगीचं. हा गट २००१ मध्ये स्थापन झाला, २०१३ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. केंद्रीय आरोग्य सचिव अध्यक्ष, आणि बालरोगतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असे सदस्य. त्याच्या हाताखाली स्थायी तांत्रिक उपसमिती. ती पुरावे चाळते: देशात रोग किती, लस किती उपयोगी, खर्च किती, लशी थंड ठेवणाऱ्या शीतसाखळीत जागा आहे का. गट शिफारस करतो. तिसरं दार मंत्रालयाचं, आणि तिथं खरा अडसर पैशाचा. एनटॅगीची शिफारस मंत्रालयावर बंधनकारक नाही.

याशिवाय एक चौथी वाट आहे, ती फक्त पैसेवाल्यांची. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची स्वतःची समिती आहे आणि ती स्वतःचं वेळापत्रक काढते. नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात भिंतीवर लावलेला लांबलचक तक्ता तो. त्यात पीसीव्ही कधीचीच आहे, टायफॉइड आहे, जोखमीच्या मुलांसाठी पीपीएसव्ही आहे. थोरल्याच्या डिस्चार्ज कार्डावरच्या ओळी त्याच तक्त्यातल्या. सिस्टरच्या हातातलं कार्ड मात्र एनटॅगीच्या वाटेने आलेलं. एकाच पोरासाठी दोन समित्यांची दोन उत्तरं. आईने दोन कागद पुढे केले, तेव्हा खरं तर दोन समित्याच एकमेकींसमोर उभ्या होत्या.

तिसऱ्या दारातून देशभरच्या बाळांपर्यंत पोचायला किती वेळ जातो ते पीसीव्हीच्याच बाबतीत बघा. सरकारी कार्यक्रमात ही लस मे २०१७ मध्ये हिमाचलातल्या मंडीपासून सुरू झाली. मग बिहार आणि उत्तर प्रदेशातले काही जिल्हे, पुढे मध्य प्रदेश, राजस्थान. हरियाणाने आपल्या तिजोरीतून दिली. हा टप्पा मुख्यतः 'गावी' (Gavi) या लशींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीच्या मदतीवर चालला. लस तेव्हा आयातीची आणि महाग. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही देशी पीसीव्ही आली आणि गणित बदललं. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ती पाच राज्यांतून देशभर नेण्याची घोषणा केली, वर्षाला ५०,००० हून अधिक बालमृत्यू टळतील असं सांगितलं. महाराष्ट्रात नियमित लसीकरणात ती त्याच वर्षी जुलैत आली. थोरला तेव्हा वीस महिन्यांचा. आठ महिने उशीर झाला होता.

महाराष्ट्र मागे का राहिला याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोचरं वाटतं. पहिल्या टप्प्यात मुख्यतः न्यूमोनियाने जास्त मुलं दगावणाऱ्या मोठ्या राज्यांना अग्रक्रम मिळाला. निकष योग्यच. पण निकष राज्याला लावला आणि राज्य म्हणजे सरासरी. मुंबई-पुण्याच्या आकड्यांत गडचिरोली आणि मेळघाट बुडून जातात. बिहार वाईट दिसतो, महाराष्ट्र बरा दिसतो, आणि धानोरा-कुरखेड्याचं बाळ बऱ्या राज्यातलं म्हणून रांगेत मागे उभं राहतं. न्यूमोनियाने बाळं मरतात आणि ते मरण गावातच रोखता येतं, हे जगाला ठणकावून सांगणारा अभ्यास याच जिल्ह्यातला आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावातल्या आरोग्यदूतांच्या आणि दायांच्या हातात कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देऊन न्यूमोनियाचे मृत्यू कमी करून दाखवले, आणि १९९० मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. म्हणजे पुरावा इथला आणि लस शेवटच्या फेरीत. राज्याऐवजी जिल्हा हे एकक धरता आलं नसतं का? जपानी मेंदूज्वराच्या लशीला ते धरलंच आहे. ती फक्त जोखमीच्या जिल्ह्यांत देतात, विदर्भातले काही त्यात आहेत. आणि हरियाणाने केलं ते महाराष्ट्रालाही आपल्या पैशातून करता आलं असतं. ते न केल्याचा दोष दिल्लीच्या समितीवर टाकता येणार नाही.

वयाची अट मात्र मी समितीच्या बाजूने समजून घेऊ शकतो. न्यूमोकोकसने होणारे बहुतेक बालमृत्यू दोन वर्षांच्या आतले. सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने या भेटी आधीपासून कार्डावर आहेतच, त्यांना नवी सुई जोडली की वेगळी फेरी लागत नाही. बाळं झाकली गेली की जिवाणूचं फिरणंच कमी होतं आणि मोठ्या भावंडांनाही आडून फायदा मिळतो. मोठ्या मुलांना मागे जाऊन डोस द्यायचा तर कोट्यवधी डोस जास्त लागतात. वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्माला घालणाऱ्या देशात समितीने विचारायचा प्रश्न हाच: इतक्या पैशात जास्तीत जास्त जीव कुठं वाचतील?

त्या प्रश्नाचं उत्तर समितीने बरोबर दिलं. दुसरा प्रश्न, ज्यांना धोका कित्येक पट आहे अशी मूठभर मुलं कोणती, हा आपल्या कार्यक्रमाच्या साच्यात बसत नाही, कारण आपलं वेळापत्रक वयावर चालतं, आजारावर नाही. काही अपवाद आहेत, पण सिकलसेल त्यात नाही. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत पाच वर्षांखालची एसएस मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यासाठी साठा वाढवायला जवळपास काहीच लागत नाही. लागते फक्त पात्रतेच्या परिच्छेदात एक ओळ.

ती ओळ का नाही, याचं एक प्रामाणिक कारण पुराव्यात आहे. सिकलसेलची बहुतेक संशोधनं आफ्रिकी वंशाच्या मुलांवरची. भारतात आढळणाऱ्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, पानथरीही जास्त दिवस शाबूत राहते, म्हणून इथला आजार सौम्य, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचा अनुभव वेगळा आहे. मध्य भारतातली पुष्कळ मुलं अजिबात सौम्य नसतात, असं त्यांनी नोंदवलं आहे. पण यातल्या किती मुलांच्या रक्तात न्यूमोकोकस सापडला, हे सांगायला ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी करावी लागते. आमच्याकडे पोरगं दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला दोन अँटिबायोटिक देऊन झालेली असतात. मग कल्चरमध्ये काय उगवणार? आकडा नाही म्हणून शिफारस नाही, आणि प्रयोगशाळा नाही म्हणून आकडा नाही.

दुसरं कारण निव्वळ फायलींचं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य, ० ते ४० वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी. तपासणी आमच्याकडे खरंच जोरात झाली, शाळाशाळांत शिबिरं लागली. हिमोग्लोबिनच्या आजारांवरच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत न्यूमोकोकल लशीचा उल्लेखही आहे. पण उल्लेख म्हणजे इंडेंट, साठ्याचं मागणीपत्र, नव्हे. लस मागवणारी शाखा जन्माच्या आकड्यावरून मागवते, सिकलसेलच्या यादीवरून नाही. दोन याद्या एकाच आरोग्य केंद्राच्या एकाच कपाटात, वेगवेगळ्या कप्प्यांत पडून असतात.

सल्लागार गट काय चीज आहे हे गावाला एकदाच जाणवलं, तेही नाव न कळता. १३ मे २०२१ ला कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर सहा-आठ आठवड्यांवरून बारा-सोळा आठवडे झालं. एनटॅगीच्या कोविड गटाची शिफारस. आशाताई सांगतात, म्हातारी माणसं उन्हात केंद्रावर गेली आणि "अजून टाइम हाय" ऐकून परत आली. गावात बोललं गेलं की लसच नाही, म्हणून तारीख वाढवली. गटातल्या काही शास्त्रज्ञांनी पुढे एका वृत्तसंस्थेला सांगितलं की इतकं मोठं अंतर त्यांना मान्य नव्हतं. सरकारने निर्णय पुराव्यावरच झाल्याचं म्हटलं. कोण बरोबर ते बाजूला ठेवू. मला त्यातला वेग लक्षात राहिला. ज्या शिफारशीने साठ्यावरचा ताण कमी होतो ती काही दिवसांत गावच्या केंद्रावर पोचते. ज्या शिफारशीला पैसे लागतात ती वर्षानुवर्षं फिरते. टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस सरकारी कार्यक्रमात घ्या अशी शिफारस एनटॅगीने २०२२ मध्येच केली होती. लस हैदराबादची, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असलेली. त्याच वर्षी जन्मलेल्या धाकटीच्या कार्डावर तिचा रकाना आला नाही.

इतर देशांनी शिफारस आणि पुरवठा यांची गाठ वेगवेगळ्या तऱ्हेने बांधली आहे. इंग्लंडमध्ये २००९ पासून कायद्याने अशी सोय आहे की सरकारने विचारलेल्या प्रश्नावर तिथल्या समितीने लस खर्चाच्या मानाने परवडते असं ठरवून शिफारस केली, तर आरोग्यमंत्र्यांना ती अंमलात आणावीच लागते. अमेरिकेत १९६४ पासूनच्या सल्लागार समितीच्या मतदानावर गरीब मुलांच्या मोफत लशी आणि विमा कंपन्यांची देणी अवलंबून असतात. तिच्या शिफारशींत सिकलसेलचं नाव घेऊन वेगळी ओळ आहे. पण गाठ इतकी घट्ट असली की समितीच हलली तर सगळंच हलतं. जून २०२५ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी समितीचे सतराच्या सतरा सदस्य एकदम काढून टाकले, तेव्हा पालकांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळे गोंधळले. आपली सैल गाठ त्या धक्क्यापासून वाचवते. तिची किंमत मात्र थोरल्यासारखी मुलं मोजतात.

या घरात शेवटी काय झालं? बचत गटातून कर्ज काढून आईने पोराला वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला नेलं, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे. पीसीव्हीचा एक डोस म्हणजे रोवणीच्या हंगामातली दहा-पंधरा दिवसांची मजुरी. पहिला डोस ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. दुसरा आठ आठवड्यांनी हवा होता, तो धान विकल्यावर, जानेवारीत. पीपीएसव्ही-२३ त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, वडील मिरचीचे पैसे घेऊन आले तेव्हा. टायफॉइडची राहिली होती. ती डॉक्टरांनी पैसे न घेता दिली.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दरम्यान एक साधं काम केलं. आशाताईंकडून हद्दीतल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या एसएस मुलांची यादी मागवली, प्रत्येकापुढे जन्मतारीख आणि पीसीव्हीचे किती डोस झाले ते लिहिलं. २०२१ नंतर जन्मलेल्यांतही दोघांचा नऊ महिन्यांचा बूस्टर चुकलेला निघाला. ते वयात बसत होते, म्हणून पुढच्याच सत्रात त्यांना तो देता आला. आधी जन्मलेल्यांची नावं वेगळ्या पानावर लिहून ते पान दुसऱ्यांदा तालुक्याला गेलं, या वेळी आवक क्रमांक घेऊन. लेखी उत्तर आलेलं नाही.

थोरला नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांचा झाला आणि त्या पानावरची त्याची ओळ आपोआप बाद झाली. पीपीएसव्ही-२३ चा दुसरा डोस पहिल्यानंतर पाच वर्षांनी लागतो. तो २०२९ मध्ये येईल, आणि आत्ताच्या नियमाप्रमाणे तोही घरच्याच पैशाने.